मुलाने भाकरी खाल्ली

थंडीपेक्षा ओल जास्त आहे. बिल्बाओ शहर, १८९०च्या हिवाळ्यातली सकाळ. अंगावर जे पडतंय त्याला पाऊस म्हणवत नाही आणि धुकंही म्हणवत नाही. इथे त्याला ‘सिरीमिरी’ म्हणतात. छत्री उघडावी की नको हे ठरेपर्यंत तुमचा कोट भिजलेला असतो. नदीकडून भोंग्यांचे आवाज येताहेत, डोंगरातलं लोहखनिज भरून जहाजं इंग्लंडला निघाली आहेत. रस्त्यात कानावर पडते ती स्पॅनिश: दुकानदाराची, शिपायाची, खाणीत काम मिळेल म्हणून कास्तीलहून आलेल्या मजुरांची. बास्क ऐकायची असेल तर आसपासच्या खेड्यांतून दूध-भाजी घेऊन आलेल्या बायकांच्या मागे जाऊन उभं राहायचं.

तुम्ही मात्र ती ऐकायला शाळेत शिरता. प्रांताच्या माध्यमिक विद्यालयात, शेवटच्या बाकावर. तुम्ही कुणाला दिसत नाही. या प्रवासाची अट एकच: तोंड उघडायचं नाही, फक्त ऐकायचं.

वर्ग भरगच्च नाही. फळ्यापाशी काळ्या झग्यातला पंचविशीचा धर्मगुरू उभा आहे. नाव रेसुरेक्सिओन मारिया दे आस्कुए. ‘रेसुरेक्सिओन’ म्हणजे पुनरुत्थान. स्पेनमध्ये हे नाव बहुतेक मुलींचं असतं, पण यांच्या नशिबी आलं. लोक त्यांना दोन रेसुरेक्सिओन म्हणतात; ‘दोन’ म्हणजे आपलं ‘राव’ समजा. ते फळ्यावर लिहितात:

मुतिला एतोर्री दा. मुलगा आला आहे.

मुतिलाक ओगिआ यान दाउ. मुलाने भाकरी खाल्ली आहे.

(‘ओगी’ म्हणजे खरं तर पाव. पण भाकरी म्हटल्यावर जे पोटात समजतं ते पावाने समजत नाही.)

पोरांच्या कपाळावर आठ्या. त्यांची स्पॅनिश दोन्ही वाक्यांत मुलाला मुलगाच म्हणते. मग इथे एकदा ‘मुतिला’ आणि एकदा ‘मुतिलाक’ का? हा शेपटीचा ‘क’ कुठून आला? तुम्ही शेवटच्या बाकावर गालातल्या गालात हसता. ‘मुलगा आला’ पण ‘मुलाने खाल्ली’. आपल्याकडे हे कुठल्या आजीने व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवलं? त्यांचा ‘क’ म्हणजे तुमचा ‘ने’. शब्दांचा क्रमही तोच: खाणारा आधी, खाल्लेलं मग, खाणं शेवटी. पुढे फळ्यावर ‘एचे’ येतं, म्हणजे घर. ‘एचेआन’ घरात, ‘एचेतिक’ घरातून, ‘एचेरा’ घराकडे. सगळं शब्दाच्या मागून लागणारं. आईला म्हणतात ‘आमा’.

आता सांभाळा. इथे नातं जोडायचा मोह भल्याभल्यांना झाला आहे. बास्कचं जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही, मराठीशी तर नाहीच. शिवाय आपला ‘ने’ वर्तमानकाळात गळतो, त्यांचा ‘क’ गळत नाही. ते जणू ‘मुलाने भाकरी खातो’ असंच म्हणतात. आणि क्रियापदाचं तर विचारू नका. ‘मी त्याला ते’ एवढे तिघे ‘देउत्सात’ या एका साहाय्यक शब्दात बसतात. पोरं आठ्या घालताहेत ते उगीच नाही.

पण फळ्यावर नीट पाहा. दोन रेसुरेक्सिओन यांनी ‘दाउ’ लिहिलं, कारण ते बिस्कायाच्या किनाऱ्यावरचे. शेजारच्या गिपुस्कोआत तेच ‘दु’ होतं. ‘यान’ हा शब्द तिथे ‘खान’ ऐकू येतो आणि फ्रान्सच्या हद्दीतल्या सुबेरोआत ‘झान’. भाषेचं स्वतःचं नावही एकमताने ठरलेलं नाही: एउस्केरा, एउस्कारा, उस्कारा. मग शाळेत शिकवायची कुठली? या प्रश्नावर या माणसाची पुढची साठ वर्षं जाणार आहेत, आणि उत्तर त्यांच्या हयातीत मिळणार नाही.

ही नोकरी त्यांना कशी मिळाली तेही ऐकून घ्या. दोन वर्षांपूर्वी, १८८८ मध्ये, प्रांतिक सभेने बास्क शिकवण्यासाठी ही जागा काढली. त्याच वर्षी आस्कुए यांना गुरुदीक्षा मिळाली होती. अर्ज करणाऱ्यांत मिगेल दे उनामुनो होता आणि साबिनो आराना होता. तिघेही बिस्कायाचे, तिघेही तेवीस-चोवीस वर्षांचे. सभेने आस्कुए यांना निवडलं. उनामुनो सालामांकाला गेला, तिथे ग्रीकचा प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू झाला, आणि १९०१ मध्ये बिल्बाओच्याच साहित्योत्सवात येऊन म्हणाला की बास्क मरते आहे, तिला सन्मानाने मूठमाती देऊ आणि स्पॅनिशमध्ये पुढे जाऊ. सभागृहात काय झालं असेल याची कल्पना करा. आरानाने १८९५ मध्ये बास्क राष्ट्रवादी पक्ष काढला आणि भाषेतून परके शब्द उपटून त्या जागी स्वतः घडवलेले शब्द लावायचा सपाटा लावला. एकाने भाषेचं मर्तिक मांडलं, दुसऱ्याने शुद्धी. नोकरी मिळालेला तिसरा रोज वर्गात ‘क’ समजावत राहिला.

थोडं मागे जाऊ. लेकेइतिओ, १८७०चं दशक. समुद्राच्या काठी मासेमारीचं गाव, धक्क्यालगत गॉथिक घडणीचं मोठं चर्च, समोर एक बेट. ओहोटी लागली की तिथे चालत जाता येतं. आस्कुए यांचा जन्म इथला, ५ ऑगस्ट १८६४. वडील एउसेबिओ नौकानयन शिकवायचे आणि बास्कमध्ये कविता करायचे. ते लवकर गेले. त्यांच्या कवितांचं पुस्तक मुलाने १८९६ मध्ये छापलं. घरातली भाषा, धक्क्यावरची भाषा, जाळी विणणाऱ्या बायकांची भाषा बास्कच.

शाळेची मात्र नव्हे. बास्क मुलखातल्या अनेक शाळांत तेव्हा एक अंगठी फिरायची. बास्क बोलताना जो सापडेल त्याच्या हातात ती जायची. त्याने कान टवकारून दुसरा बोलणारा शोधायचा आणि अंगठी त्याच्या गळ्यात मारायची. ठरल्या दिवशी ती ज्याच्याकडे उरेल त्याला मार. शिक्षा करायचं निम्मं काम पोरांकडूनच करून घेणारी ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मुलांची जात पुरती ठाऊक होती. वर्गात बसलात तर एक गोष्ट लक्षात येते: पोरं गप्प असतात, पण प्रत्येकाचा कान दुसऱ्याच्या तोंडाकडे असतो.

पुन्हा बिल्बाओ. दोन रेसुरेक्सिओन यांची तिशी म्हणजे नुसती धावपळ. १८९१ मध्ये व्याकरण, ‘एउस्काल-इस्किन्देआ’. १८९५ मध्ये संगीतिका. तिच्या नावातच शाब्दिक कोटी, ‘विस्कायातून बिस्काईकडे’, म्हणजे प्रांताच्या स्पॅनिश नावातून बास्क नावाकडे. १८९६ मध्ये रामोन दे ला सोता या जहाजमालकाच्या पाठबळावर शाळा, ‘इकास्तेचेआ’. हा शब्द तुम्ही आता स्वतः फोडू शकता: ‘इकास’ शिकणे, ‘एचे’ घर. शिकघर. इथे अंगठी नाही. १८९७ पासून ‘एउस्काल्साले’ साप्ताहिक. रविवारी मिस्सा, आठवडाभर हे सगळं. एका माणसाने इतकं करू नये असं वाटतं, आणि त्यातलं काही पाहिलं की ते वाटणं बरोबरही ठरतं.

कारण ते व्याकरण. पानं चाळून पाहा. क्रियापदांचे तक्ते कसे ओळीने, एक खण रिकामा नाही. जिथे लोक काही बोलत नाहीत तिथे तर्काने जे असायला हवं ते लिहून टाकलेलं. भाषा जणू गणित आहे आणि बोलणारे गावकरी त्यात चुका करताहेत. तरुण विद्वानाची ही हौस आपल्यालाही अपरिचित नाही. आरानावर हसताना लक्षात ठेवायला हवं की आस्कुए यांनीही सुरुवात तिथूनच केली होती. फरक एवढाच की पुढे त्यांनी स्वतःच ते पुस्तक नाकारलं. लेखकाने आपलं पहिलं मोठं काम हयातीत असं मोडीत काढल्याची उदाहरणं फार नाहीत.

ते नाकारायला त्यांना काय लागलं? पायपीट.

विसाव्या शतकाची सुरुवात, पिरेनीज पर्वत, नवार्राचं रोंकाल खोरं. बास्क मुलखाचं हे पूर्वेकडचं टोक. खाली सपाटीवर जावियेरचा किल्ला लागतो. जरा थांबा, कारण हे नाव आपल्या ओळखीचं आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ज्यांचा देह आहे, ज्यांना गोंयकार ‘गोंयचो सायब’ म्हणतात, ते सेंट फ्रान्सिस झेवियर इथले. १५४४ मध्ये हिंदुस्थानातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं होतं की तिथल्या लोकांची भाषा मलबारी, आपली बिस्कायी, आणि एकमेकांचं काही कळत नाही. बिस्कायी म्हणजेच बास्क. गोंयच्या सायबाची मायबोली हीच, ‘क’वाली.

वर खोऱ्यात नदीवरून लाकडाच्या ओंडक्यांचे तराफे खाली सोडताहेत. शरद ऋतूत हे खोरं अर्धं रिकामं होतं. पुरुष मेंढ्या घेऊन दक्षिणेला बार्देनासच्या माळावर जातात आणि तिथे स्पॅनिश बोलतात. तरुण पोरी डोंगर ओलांडून फ्रान्समधल्या मोलेओंला जातात, दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे शिवायला. वसंतात परततात, म्हणून त्यांचं नाव ‘आइनाराक’, पाकोळ्या. नेपोलियनचा पुतण्या लुई ल्युसिएँ बोनापार्त हा भाषांचा वेडा. त्याने १८६०च्या दशकात बास्कच्या आठ बोलींचा नकाशा केला आणि रोंकालबद्दल एक विलक्षण गोष्ट नोंदवली: इथले पुरुष आपसात स्पॅनिश बोलतात, बायका आपसात बास्क, आणि पुरुष बायकांशी बोलताना बास्कवर येतात. एकाच घरात, एकाच चुलीपुढे, कोण कुणाशी बोलतंय यावर भाषा पालटते. ती कुठल्या क्षणी पालटते ते ऐकायचं तर चुलीपाशी गप्प बसून राहावं लागतं.

विदान्गोस गावात मारियानो मेंदिगाचा आहे. बोनापार्तला त्याने आपली बोली सांगितली तेव्हा तो तरुण होता. आता सत्तरीत आहे आणि आस्कुए यांना पत्रं लिहितो, रोंकालच्या बोलीत. विचार करा: ज्या बोलीत कुणी पत्र लिहीत नाही, तिच्यात एक म्हातारा कागदावर आपल्या गावचं बोलणं उतरवतोय आणि बिल्बाओतला एक विद्वान प्रत्येक पत्राची वाट पाहतोय. या बोलीत अनुनासिक स्वर आहेत, नाकातून येणारे, कोकणी कानाला लगेच ओळखू येतील असे. बिस्कायाच्या माणसाला ते जमत नाहीत. पूर्वीच्या आस्कुए यांनी त्यांना गावंढळ उच्चार म्हणून गाळलं असतं. आता प्रत्येक स्वरावर खूण होते.

गावोगाव हेच. फुलपाखराला एका गावात ‘चिमेलेता’, दुसऱ्यात ‘इंगुमा’, फ्रान्सच्या किनाऱ्यालगत ‘पिनपिलिनपाउशा’. बरोबर कुठला, हा प्रश्न मागे पडला. वहीत तिन्ही जातात, आणि पुढे गावाचं चिन्ह.

१९०५, फ्रान्समधलं तूर शहर. माम हे मोठं कॅथलिक छापखान्याचं घराणं. शिशाचा आणि शाईचा वास. टेबलावर कच्च्या छपाईचे गठ्ठे: बास्क शब्द, त्याचा अर्थ स्पॅनिशमध्ये, मग फ्रेंचमध्ये. बास्क मुलूख दोन देशांत वाटलेला असल्याने शब्दकोशही तीन भाषांचा. पहिला खंड १९०५ चा, दुसरा १९०६ चा. खांद्यावरून डोकावून पाहा. शब्दापाशी बारीक खुणा आहेत: ‘बी’ बिस्काया, ‘जी’ गिपुस्कोआ, ‘एल’ लापुर्दी, ‘एस’ सुबेरोआ, ‘आर’ रोंकाल. खुणेला जोडून गावाचं नाव. हा शब्द कुठे ऐकला ते सांगितल्याशिवाय तो छापायचा नाही. याआधीचा गाजलेला कोश १७४५ चा, जेझुइट मानुएल लारामेंदी यांचा. स्पॅनिश शब्दाला बास्क शब्द सापडला नाही तर लारामेंदी तो घडवून टाकत. पुढच्यांनी ते घडवलेले शब्द अस्सल समजून वापरले. आस्कुए यांच्या कोशात ते गळले. आणि आरानाचे ताजे शब्दही आले नाहीत, याचा राग अनेकांनी धरला.

माझं मत विचाराल तर आस्कुए यांचं सर्वांत धाडसी काम हे गाळणंच. गरिबीची लाज वाटणाऱ्या घरात पाहुण्यांपुढे उसने दागिने न घालण्यासारखं.

तूरनंतर ते ब्रुसेल्सला आणि कोलोनला गेले, संगीत शिकायला. चाळिशी उलटलेली. परतल्यावर त्यांनी ऑपेरा रचले, ‘ओर्त्सुरी’ आणि ‘उर्लो’. बिल्बाओच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसून पाहा हवं तर. मी मात्र तुम्हाला खेड्यातल्या स्वयंपाकघरात नेतो. १९१२ मध्ये चार बास्क प्रांतांच्या सभांनी लोकगीतांच्या संग्रहाची स्पर्धा जाहीर केली आणि हा पन्नाशीकडे झुकलेला धर्मगुरू पुन्हा डोंगरवाटांना लागला. एक म्हातारी शेंगा सोलत बसली आहे. गाणं मागितलं की म्हणते, मला नाही येत. मग नातवाला झोपवताना गुणगुणते आणि हे चटकन वहीवर स्वर उतरवतात. सूर मध्येच चुकला असं तुम्हाला वाटतं. ते तसाच लिहून घेतात. स्पर्धा त्यांनी जिंकली. हजारावर गाण्यांचा संग्रह १९२०च्या दशकात छापला गेला आणि आजही गायक त्यातून चाली उचलतात. त्यांचे स्वतःचे ऑपेरा त्या मानाने क्वचितच कुणाच्या ओठी येतात.

सप्टेंबर १९१८, ओन्याती गाव. युरोपात महायुद्ध अजून संपलेलं नाही. जुन्या विद्यापीठाच्या चौकात बास्क अभ्यासाची पहिली परिषद, राजा तेरावा आल्फोन्सो हजर. पुढच्या वर्षी बास्क अकादमी, एउस्काल्त्साइन्दिया, उभी राहते. आस्कुए पहिले अध्यक्ष, आणि मरेपर्यंत तेच. इथे फार वेळ काढू नका. भाषणं कुठेही सारखीच असतात. ‘कुठली बास्क?’ या जुन्या प्रश्नावर त्यांनी उत्तर सुचवलं: गिपुस्कोआची बोली पाया, बाकीच्यांची तिला भर. त्या भाषेत १९१८ मध्येच ‘आर्दी गाल्दुआ’, म्हणजे ‘हरवलेली मेंढी’, ही कादंबरीही लिहून दाखवली. मेंढीमागे कळप काही गेला नाही.

आणि मग १९३७, स्पेनमधलं यादवी युद्ध. एप्रिलमध्ये गेर्निकावर बॉम्ब, १९ जूनला बिल्बाओ फ्रँकोच्या सैन्याच्या हाती. काही बास्क धर्मगुरूंना गोळ्या घातल्या गेल्या, कितीतरी परागंदा झाले. आस्कुए बहात्तर वर्षांचे आहेत आणि बिल्बाओतच राहतात. बास्क आता सार्वजनिक जागी संशयाची भाषा. बाळाला बास्क नाव नोंदवता येत नाही. लहानपणची अंगठी आता अख्ख्या देशाच्या बोटात आहे.

तरी एक गंमत पाहा, कडवट गंमत. लोककथा, म्हणी, समजुती यांचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ, ‘एउस्कालेर्रिआरेन याकिन्त्सा’, पहिला खंड १९३५ चा. उरलेले तिन्ही खंड याच काळात माद्रिदमध्ये छापून निघतात, शेवटचा १९४७ मध्ये. जुनं, खेडवळ, अभ्यासकांच्या कपाटात ठेवण्याजोगं म्हटलं की फ्रँकोच्या राजवटीला भाषेची भीती वाटत नाही. आस्कुए यांनी त्या फटीतून जेवढं जाईल तेवढं पुढे ढकललं. तडजोड? असेलही. परागंदा झालेल्यांनी तसं म्हटलं तर त्यांना दोष देता येणार नाही. पण खंड निघाले.

१९४०च्या दशकात बिल्बाओत आस्कुए यांच्या खोलीत एक पोरगेला तरुण येऊ लागतो, फेदेरिको क्रुत्विग. बाप जर्मन, बास्क घरातली नव्हे, स्वतः शिकलेली. ऐंशीच्या घरातला म्हातारा आणि विशीतला हा परका मुलगा मिळून झोपलेली अकादमी पुन्हा हलवू पाहतात. कोपऱ्यात उभे राहून ऐका. दोघं बास्कमध्येच बोलताहेत.

९ नोव्हेंबर १९५१ ला आस्कुए गेले. सत्त्याऐंशी वर्षांचे होते.

परतीच्या वाटेवर एक थांबा: पांप्लोना, फेब्रुवारी १९९१. फिदेला बेर्नात, रोंकालच्या उस्तार्रोस गावची म्हातारी, वारली. तिच्याबरोबर रोंकालची बोली बोलणारं शेवटचं माणूस गेलं. बाकी बास्कने तोवर वळण घेतलं होतं: १९६८ मध्ये अकादमीने प्रमाणभाषेचा रस्ता आखला, शाळा वाढल्या, क्रियापदाचा ‘दु’ सगळ्यांचा झाला.

आता तुमचा काळ. बिल्बाओ, नवा चौक, अकादमीचं ग्रंथालय; त्याला नाव आस्कुए यांचंच आहे. तुम्ही तूरमध्ये छापलेला जाड खंड मागवता. पानं पिवळी. एका शब्दापुढे ‘आर-उस्त’: रोंकाल, उस्तार्रोस. बोट तिथे ठेवून तुम्ही नाकातून तो स्वर काढून पाहता, हळू आवाजात. बोलायचं नाही ही अट आता संपली आहे. धीर येतो आणि तुम्ही पूर्ण वाक्यच म्हणता: मुतिलाक ओगिआ यान दाउ.

टेबलापलीकडची मुलगी मान वर करते. हे ‘दाउ’ कुठे शिकलात, असं बास्कमध्ये विचारते.

काय सांगणार? १८९०, शेवटचा बाक.